थांबलेल्या यंत्राचे घड्याळ

गोष्ट २०११ सालची. रात्रीचे अडीच वाजले असतील. मी ज्या कार्यालयात संगणकांची देखभाल पाहत होतो, तेथील रात्रपाळीच्या मुलाचा फोन आला. ‘‘सर, सर्व्हर अडकलाय. सीपीयू ६७ सेकंद अडकला म्हणून पडद्यावर आलंय. बंद करून चालू करू का?’’ मी झोपेतच म्हणालो, ‘‘कर रे.’’

सकाळी उलगडा झाला. यंत्र अडकलेच नव्हते. बॅकअपसाठी आम्हीच ते मिनिटभर थांबवून ठेवले होते. जागे होऊन ते कामाला लागले होते आणि नेमके तेव्हाच आम्ही ते बंद केले. काही नोंदी गेल्या. बोलणी त्या मुलाला खावी लागली.

हे यंत्र खरे नव्हते, आभासी होते. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक चालवायचे, आणि प्रत्येकाला वाटावे की सगळे यंत्र आपलेच आहे, अशी ही युक्ती. ती बरीच जुनी. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात रॉबर्ट क्रीसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ‘सीपी-४०’ ही प्रणाली घडवली. १९७२ मध्ये आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ जाहीर केली. लिनक्समध्ये ‘केव्हीएम’ची सोय २००७ मध्ये आली.

अडचण घड्याळाची होती. संगणक वेळ मोजतो ती ठराविक अंतराने येणाऱ्या टिकटिकीवरून. पीसीवरील लिनक्समध्ये ती पूर्वी सेकंदाला १०० वेळा होई. २००३ च्या आवृत्तीत ती १००० वेळा झाली. खऱ्या यंत्रात टिकटिक अखंड चालते. आभासी यंत्राला मात्र मालक वाटेल तेव्हा थांबवू शकतो. मग त्याच्या घड्याळाचे काय करायचे? तेही थांबवले, तर ते जगाच्या मागे पडते. चालू ठेवले, तर जागे होताच ते एकदम उडी मारते. दोन्हींत नुकसान आहेच.

उडीचा फटका बसला तो पहारेकऱ्याला. इंगो मोल्नार यांनी २००५ मध्ये लिनक्सला एक पहारेकरी दिला होता. प्रत्येक सीपीयूवर एक छोटे काम वारंवार ‘मी जागा आहे’ अशी वेळेची नोंद करी. ती नोंद १० सेकंदांहून जुनी झाली, की सीपीयू अडकला असे समजून इशारा द्यायचा. ही मर्यादा पुढे बदलत गेली. तत्त्व तेच राहिले. आता यंत्र मिनिटभर थांबून जागे झाले, की त्या छोट्या कामाला संधी मिळण्याआधीच पहारेकरी घड्याळ पाहतो. नोंद मिनिटभर जुनी! तो ओरडतो. त्याचे गणित बरोबर असते. फक्त आपण सारेच झोपलो होतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यावर केव्हीएममध्ये २०१२ साली उपाय आला, तो मला फार आवडतो. थांबवलेल्या यंत्राच्या घड्याळासाठी यजमान आणि पाहुणा यांच्यात स्मृतीचे एक सामाईक पान असते. त्या पानावर यजमानाने एक खूण करायची: ‘तुला थांबवले होते.’ पाहुण्याचा पहारेकरी ओरडण्यापूर्वी ती खूण पाहतो, पुसून टाकतो आणि आपली नोंद नव्याने सुरू करतो. खूण नसेल, तर ओरडायला तो मोकळा.

पहारेकऱ्याला गप्प करणे सोपे होते. मर्यादा वाढवून टाकली की झाले. पण मग खरोखर अडकलेले यंत्रही तेवढा वेळ कोणाच्या ध्यानात आले नसते. आणि इशारे खोटेच येत राहिले असते, तर लोकांनी खरा इशाराही कानाआड केला असता. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून ज्याने थांबवले, त्यानेच सांगायचे, ही वाट मला योग्य वाटते.

आमच्या कार्यालयातही त्या रात्री हेच व्हायला हवे होते. बॅकअपची वेळ मला माहीत होती. रात्रपाळीला मी ती कळवली नव्हती. मुलाने समोर दिसले ते सांगितले, परवानगी मागितली आणि मी ती दिली. दुसऱ्या दिवशी मी सर्वांसमोर हे कबूल केले. त्यानंतर एक वही आणली आणि यंत्र थांबवण्यापूर्वी तिच्यात वेळ लिहायची, असा नियम घातला. दोन रुपयांचे पेन आणि एक ओळ. आमच्यापुरता तो प्रश्न तेवढ्यावर सुटला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)