तीस बोक्यांची बदली

बँकेत इतकी वर्षं काढल्यावर बदलीचे हुकूम मला ओळखीच्या शेजाऱ्यासारखे वाटू लागले आहेत. पण आजवर वाचलेल्यांत सर्वांत चोख हुकूम सापडला तो रशियाच्या इतिहासात, आणि तो निघाला होता चक्क बोक्यांच्या नावे.

साल १७४५. पीटर द ग्रेटची मुलगी एलिझाबेथ गादीवर होती. पीटर्सबर्गच्या राजवाड्यात उंदरांनी उच्छाद मांडलेला. बाईंनी फर्मान काढलं: कझानमधले उत्तमातले उत्तम, चांगले थोराड, उंदीर धरण्यात तरबेज आणि (माफ करा, हुकमातच आहे) खच्ची केलेले तीस बोके दरबारी ताबडतोब पाठवावेत. सोबत त्यांना खाऊ घालणारा माणूस द्यावा. गाड्या द्याव्यात, वाटखर्च द्यावा, खुराकाचे पैसे द्यावेत. ज्याच्या घरी असा बोका असेल त्याने तीन दिवसांत कचेरीला कळवावं; लपवल्यास दंड! रस्ता सुमारे दीड हजार किलोमीटरचा. म्हणजे लांबची बदली खरी, पण दिमतीला नोकर आणि भत्ता आगाऊ! माझं प्रवासभत्त्याचं बिल हेड ऑफिसात आठ महिने पडून होतं, तेव्हा हे फर्मान माझ्या हाती असतं तर अर्जाला जोडलं असतं.

कझानच का, तर तिथल्या बोक्याचं नावच तसं होतं. उंदीर मिळून कझानच्या बोक्याची प्रेतयात्रा काढताहेत, असं एक चित्र रशियात फार लोकप्रिय होतं. उंदरांनीही स्वप्नं पाहावीत की!

तोवर उंदरांचा हा मामला घरगुती होता. १७६४ मध्ये त्यात वसुली शिरली. बर्लिनचा गॉत्सकोव्स्की नावाचा व्यापारी प्रशियाच्या राजासाठी चित्रं जमवत होता. युद्धात राजाची तिजोरी रिकामी झाली, आणि हे गृहस्थ रशियाकडून घेतलेल्या धान्याचे पैसे देईनात. तेव्हा कॅथरीन राणीने थकबाकीत २०० हून अधिक चित्रं उचलली. जगप्रसिद्ध हर्मिटेज संग्रहालय सुरू झालं ते असं, बुडीत कर्जातून. आमच्याकडे बुडीत कर्जात फार तर गंजलेली पिठाची गिरणी येते. पुढे हा खजिना पाहायचा कुणी, तर आपण आणि उंदीर, असं राणीने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलं आहे.

मांजरांची नोकरी मग पिढीजात झाली. खंड पडला तो लेनिनग्राडच्या वेढ्यात. १९४१च्या जुलैत दहा लाखांहून अधिक वस्तू दोन आगगाड्यांतून उरल पर्वताकडे हलवल्या. रिकाम्या चौकटी तेवढ्या भिंतीवर राहिल्या. सप्टेंबरात वेढा पडला. नोव्हेंबरअखेर कारकुनाला दिवसाचा पाव मिळे १२५ ग्रॅम. हा आकडा मी दोनदा वाचला. अशा हिवाळ्यात शहरातली मांजरं कुठे गेली, हे विचारू नये. उंदीर मात्र राहिले. त्याच दिवसांत संग्रहालयातला एकजण मदतीला आलेल्या सैनिकांना दालनांतून हिंडवून, रिकाम्या चौकटींत कुठलं चित्र होतं ते आठवणीने वर्णन करून सांगत असे.

वेढ्याला खिंड पडल्यावर १९४३ मध्ये यारोस्लाव्हलहून मांजरांचे डबेच्या डबे शहरात आणले, असं सांगतात. म्हणजे पुन्हा बदली! साठीच्या दशकाअखेर संग्रहालयात मांजरं फार झाली म्हणून त्यांना हाकललं. उंदीर वाढताच परत बोलावलं. आता तळघरात पन्नासएक मांजरं आहेत. चित्रांच्या दालनात प्रवेश नाही. प्रत्यक्ष शिकार बेताचीच, पण नुसत्या वासाने उंदीर दबून असतात म्हणे. नुसत्या अस्तित्वाने काम भागवणारे लोक प्रत्येक कचेरीत असतात, त्यांचं मला नवल नाही.

नवल वाटलं ते २०२०च्या बातमीचं. एका फ्रेंच गृहस्थाने मृत्युपत्रात या मांजरांसाठी पैसे ठेवले. मी लगेच खातं कसं उघडायचं या विचारात पडलो. सही न येणाऱ्या पुरुषाचा डावा अंगठा घ्यायचा आणि बाईचा उजवा, ही आमची रीत. तळघरातली मंडळी तर आजही फर्मानाबरहुकूम खच्ची केलेलीच असतात. त्यांचा कुठला पंजा घ्यायचा?