उसाचं पाचट पेटलं की धूर जातो कुठे?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनच्या जंगलातल्या आगींचा धूर हजारो किलोमीटर दूर साओ पावलो शहरावर पोहोचला आणि भर दुपारी तिथे अंधारून आलं. ते फोटो जगभर फिरले. बारामती-इंदापूरच्या धुराचे मात्र फारसे फिरत नाहीत. इथे वर्षावन नाही, पण नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आहे. गाळप हंगामात ऊस तुटला की रानात वाळलेल्या पानांचा, म्हणजे पाचटाचा थर उरतो. हेक्टरी साधारण ८ ते १० टन!

हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते. त्यामुळे धुरावर जणू झाकण बसतं. संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा धूर सकाळीही वस्तीवर रेंगाळतो. त्यातले पीएम २.५ कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात. तोंडाला बांधलेला रुमालही त्यांना फारसा अडवत नाही. दम्याचे रुग्ण, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना याचा त्रास आधी होतो.

मग शेतकरी जाळतो का? कारणं खरी आहेत. पाचटामुळे सरीत पाणी नीट पुढे सरकत नाही, उंदीर वाढतात, खोडव्याला खत देणं अवघड जातं आणि मजूर मिळत नाहीत. काडेपेटी स्वस्त पडते. ‘राखेत पालाश राहतोच की’ असंही म्हणतात. ते बरंचसं खरं आहे, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरासोबत उडून जातात, आणि कर्बाचीच तर या जमिनींना गरज आहे.

जाळण्याऐवजी पाचटाची कुट्टी करून ते सरीत कुजवता येतं. शिफारस आहे टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. त्यावर ओलावा मात्र टिकायला हवा. खत देण्याच्या अडचणीवर बारामतीजवळ माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने ‘सोर्फ’ हे ट्रॅक्टरचलित यंत्र तयार केलं आहे. पाचट रानात असतानाच ते बुडखे छाटतं, जुनी मुळं तोडतं आणि खत मातीत पेरतं.

वारा सुटला तर आग शेजारच्या उभ्या उसातही शिरते. जळलेला ऊस लवकर गाळला नाही तर वजन आणि साखर घटते. अशा उसाच्या बिलातून कपातही होते, आणि ती सोसतो काडी न लावलेला शेजारी.