पेनिसिलीनला रखवालदार शोधताना

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरील बारीक मजकुरात पुष्कळदा ‘ग्वायफेनेसिन’ हे नाव आढळते. हे रसायन म्हणजे ग्लिसरॉलचा एक ईथर. त्याचेच एक भावंड जगातील पहिल्या तुफान खपलेल्या चिंताशामक गोळीचे पूर्वज ठरले. आजचा धागा या घराण्याविषयी.

१९४५ च्या सुमाराचे लंडन. पेनिसिलीनचे मोठे उत्पादन सुरू झाले होते. पण त्याला न जुमानणारे काही जिवाणू उत्पादनात शिरत आणि पेनिसिलीनेज नावाचे विकर सोडून तयार औषधच नष्ट करीत. या जिवाणूंना रोखेल आणि रुग्णाला बाधणार नाही, असे परिरक्षक हवे होते. ब्रिटिश ड्रग हाउसेस या कंपनीत हा शोध फ्रँक बर्गर यांच्याकडे आला. पिल्सेन येथे १९१३ साली जन्मलेले हे ज्यू डॉक्टर नाझी आक्रमणामुळे मायदेश सोडून इंग्लंडला आले होते.

सोबत रसायनज्ञ विल्यम ब्रॅडली. या ईथरांची कृती फारशी अवघड नाही. फिनॉलवर्गीय पदार्थ अल्कलीत विरघळवून त्यावर ग्लिसरॉलच्या क्लोरोहायड्रिनची क्रिया करावी. क्लोरीन मिठाच्या रूपाने निघून जातो आणि दोन्ही रेणू ऑक्सिजनच्या दुव्याने सांधले जातात. फिनॉलऐवजी ऑर्थो-क्रेसॉल घेतले की होते मेफेनेसिन.

विषारीपणा तपासण्यासाठी ते उंदरांना टोचले, आणि उंदीर लुळे पडले. स्नायू सैल, पण शुद्ध शाबूत, श्वास नियमित. काही वेळाने ते पूर्ववत हिंडू लागले. परिरक्षक बाजूलाच राहिले! १९४६ च्या शोधनिबंधात बर्गर आणि ब्रॅडली यांनी या शांत अवस्थेसाठी ‘ट्रँक्विलायझेशन’ हा शब्द योजला. ‘ट्रँक्विलायझर’ हा औषधवर्ग पुढे घरोघरी पोहोचला, त्याआधीची ही गोष्ट.

शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करण्यासाठी मेफेनेसिन वापरले गेले, परंतु त्याचे दोष लवकरच उघड झाले. शिरेतून दिल्यास तांबड्या रक्तपेशी फुटत. शिवाय रेणूच्या टोकाचा हायड्रॉक्सिल गट शरीरात झपाट्याने ऑक्सिडीकृत होई, त्यामुळे परिणाम अल्पकाळच टिके. १९४७ साली बर्गर अमेरिकेस गेले. तेथे हे टोक झाकण्याच्या खटपटीत बर्नार्ड लुडविग यांच्यासह त्यांनी १९५० साली मेप्रोबामेट घडविले. गंमत अशी, की या प्रवासात ईथरचा दुवाच गळून पडला. १९५५ साली न्यू जर्सीतील एका गावावरून ‘मिलटाउन’ हे नाव घेऊन ती गोळी बाजारात आली आणि अमेरिकेने ती डोक्यावर घेतली. ती निरुपद्रवी असल्याचा समज मात्र टिकला नाही. तिचे व्यसन लागे, आणि अतिमात्रा जीवघेणी ठरे. २०१२ साली युरोपीय औषध संस्थेने ती मागे घेण्याची शिफारस केली.

ग्वायफेनेसिनचे नशीब अधिक शांत. त्यातील ग्वायाकॉल प्रथम कॅरिबियन प्रदेशातील ग्वायाकम वृक्षाच्या राळेतून मिळाले. सोळाव्या शतकात युरोपने उपदंशावरील उपाय म्हणून या वृक्षाचे लाकूड जहाजे भरभरून नेले. पुढे त्याच कठीण लाकडाचे जहाजांच्या पंख्यांसाठी बेअरिंग झाले. आज त्याच्या व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आहेत. औषधासाठी मात्र झाड तोडावे लागत नाही; कारखान्यात कॅटेकॉलपासून ग्वायाकॉल तयार होते, आणि कफ पातळ करणाऱ्या त्या गोड औषधात उतरते.