परक्याच्या पाटीवरील आंकडे

जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटीच्या घरांत काय किंवा पुण्याच्या पेठेंत काय, आज मोबाइलवर गाणें चालू असतांनाच निरोप येतो आणि बाजारभावहि उघडलेला असतो. हीं कामें एकाच क्षणीं होतात असें वाटतें. वस्तुतः कामें पुष्कळ आणि प्रोसेसर थोडे; म्हणून प्रत्येक प्रोसेसर सेकंदाच्या अल्पांशापुरता एका कामाकडे वळतो आणि लगेच दुसऱ्याकडे जातो.

चालू हिशेबाचे आंकडे प्रोसेसरमधील रजिस्टर नांवाच्या मोजक्या जागांत असतात. एकच पाटी अनेक मुलांनीं आळीपाळीनें वापरावी, तसा हा प्रकार आहे. एकाचें गणित अर्धें असतां पाटी दुसऱ्याला द्यावयाची, तर तिच्यावरील आंकडे आधीं वहींत उतरवून घेतले पाहिजेत आणि त्याची पाळी आली म्हणजे जसेच्या तसे परत लिहिले पाहिजेत. ही कारकुनी ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, करतो. तींत एक आंकडा चुकला, तर निरपराध प्रोग्रॅमचें उत्तर चुकतें. आणि तो प्रोग्रॅम कितीहि तपासला तरी दोष सांपडत नाहीं, कारण दोष त्याच्यांत नसतोच.

एका यंत्रावर अनेकांचीं कामें आळीपाळीनें चालविण्याचा प्रयोग अमेरिकेंतील एम्.आय्.टी. येथें १९६१ सालीं दाखविण्यांत आला. तेव्हांपासून या कारकुनीचा वेळ कसा वांचवावा, ही चिंता यंत्रकारांना लागली.

१९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें घडविलेला परम ८००० हा महासंगणक १९९१ सालीं पुढें आला. त्यांत ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. या प्रोसेसरनें प्रश्नाचें मूळच छाटलें होतें. सामान्य दर्जाचीं कामें आळीपाळीनें बदलतांना तो ठराविक आज्ञांपाशींच थांबे. त्या जागीं हिशेबाच्या रजिस्टरांत जपण्याजोगें कांहीं उरतच नसे. काम कोठें थांबलें आणि त्याची स्मृतींतील जागा कोणती, एवढेंच टिपून भागे.

इंटेलचा मार्ग निराळा होता. अपूर्णांकांच्या गणितासाठीं १९८० सालीं ८०८७ हा जोडप्रोसेसर आला आणि रजिस्टरें वाढलीं. पुष्कळ प्रोग्रॅमांना त्यांची गरजच नसे. म्हणून तेथील आंकडे तसेच पडूं द्यावे आणि नव्या प्रोग्रॅमनें त्यांस हात घातला तरच हलवावे, अशी युक्ति निघाली. तिला ‘आळशी’ पद्धति असेंच नांव पडलें. जून २०१८ मध्यें उघड झालें कीं, इंटेलचे प्रोसेसर पुढील आज्ञा अंदाजानें आधींच करून पाहतात, त्या वेळीं हे मागें राहिलेले परके आंकडे आडमार्गानें वाचतां येतात. त्यांत गुप्तलेखनाच्या किल्ल्याहि असूं शकत. लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांनीं ही पद्धति २०१६ सालींच सोडली होती.

तरी लिनक्सचीहि परीक्षा टळली नाहीं. नोव्हेंबर २०१९ मध्यें गो भाषेचे प्रोग्रॅम त्यावर अवचित कोसळूं लागले. तोच बिघाड सी भाषेंतील लहानशा प्रोग्रॅमनेंहि घडवून दाखविला, तेव्हां संशय गो भाषेवरून कर्नलकडे वळला. निरनिराळ्या आवृत्त्या लावून पाहतां दोष ५.२ पासून सुरू झालेला आढळला. आणि तोहि कर्नल जीसीसी ९ या कंपायलरनें तयार केला असेल तरच. रजिस्टरांचा सध्यांचा मालक कोण, हें कर्नल स्मृतींतून वाची. एका विशिष्ट प्रसंगीं तेंच काम त्याला पुन्हां करावें लागे, आणि मधल्या काळांत प्रोसेसर दुसऱ्याकडे जाऊन येई. कंपायलरनें मात्र दुसरें वाचन अनावश्यक समजून गाळलें व जुनेंच नांव खरें धरलें. परक्याचे आंकडे आपले म्हणून पुढें चालले. उपाय इतकाच कीं, मालकाचें नांव दर वेळीं नव्यानें वाचावें. ती दुरुस्ती ५.३.१५ आणि ५.४.२ या आवृत्त्यांत आली.

या दोन्हीं दोषांचें मूळ काटकसरींत होतें. ती काटकसर नसती, तर यंत्रें मंद राहिलीं असतीं, हेंहि खरें. परंतु ज्याचा आंकडा बदलतो त्याला तें कळण्याचा मार्ग नसतो. अंतरवाली सराटीचा शेतकरी फोनवरील बेरजेवर विश्वास ठेवतो, तो या न दिसणाऱ्या कारकुनीच्या भरंवशावर.