उघडी सीमा आणि ओळखीचा कागद

भारत आणि नेपाळ यांच्यामधील वहिवाट उभयतांच्या तहांहून जुनी आहे. १८१६ सालच्या सुगौलीच्या तहानंतर सीमा आंखली गेली, तरी मिथिलेंतील सोयरिकी तुटल्या नाहींत. पुढें ३१ जुलै १९५० रोजीं काठमांडू येथें शांतता व मैत्रीचा तह झाला. वास्तव्य, मालमत्ता, व्यापार व संचार यांबाबत परस्परांच्या नागरिकांस सारख्या सवलती द्याव्या, असें त्याच्या सातव्या कलमानें ठरलें. म्हणूनच रक्सौलहून वीरगंजास जाणाऱ्या भारतीयास पासपोर्ट वा व्हिसा लागत नाहीं. नागरिकत्वाचा पुरावा मात्र जवळ असावा लागतो.

विमानप्रवासाचा नियम याहून कडक आहे. २४ डिसेंबर १९९९ रोजीं काठमांडूहून दिल्लीस निघालेलें विमान पळवून कंदाहारास नेण्यांत आलें. त्यानंतर, २००० सालीं, विमानानें जाणाऱ्यांस पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचें ओळखपत्र दाखविण्याचें बंधन आलें. हा कागद प्रवेशाची परवानगी देत नाहीं. प्रवासी कोण, एवढेंच सांगतो. परंतु ज्या घरीं असा कागदच नाहीं, त्या घरच्या माहेरवाशिणीसहि सीमेवर थांबावें लागेल काय? संशयितास अडवितांना सोयरीक अडूं नये, यांतच १९५० च्या तहाची कसोटी आहे.