सड्यावरचा मासा

कोकणात कातळशिल्पं शोधायला निघालेला माणूस पहिल्यांदा चुकतो तो प्रश्नातच. मीही चुकलो. राजापूर तालुक्यातल्या एका गावात म्हाताऱ्या गुराख्याला मी विचारलं, "आजोबा, इथं कातळात कोरलेली चित्रं आहेत का?"

"छे हो गुरुजी, आमच्या सड्यावर चित्रं कुठली!"

दुपारी पाणी प्यायला त्यांच्याच खळ्यात टेकलो, तर म्हणाले, "पांडवांचा मासा बघितलात की नाही?"

मासा चांगला माझ्या दुप्पट लांब होता. ऊन तिरपं असलं की कोरलेली रेघ सावली धरते; भर दुपारी त्यावरून चालत गेलात तरी कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मऊ कुंच्यानं माती झाडली, टेप लावला, दिशा नोंदवली, फोटो घेतले. काम एवढंच, पण जांभ्यावर गुडघे सोलून निघतात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर अशी शेकडो शिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या आत इतर प्राण्यांची गर्दी! काही ठिकाणी गेंडाही आहे. आज कोकणात गेंडा कुठला? मग कोरणाऱ्यानं तो पाहिला कुठे? शेतीचं चित्र दिसत नाही, म्हणून ही शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांची कामगिरी असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. नेमकं वय सांगणं अवघड, कारण उघड्या कातळावर मातीचे थरच नसतात.

कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमळ यांसह नऊ ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आनंदच आहे. पण बाकीच्यांचं काय? सडे बहुतेक खासगी मालकीचे. मालकाला चिरे काढायचे असतात, घर बांधायचं असतं. त्याला तरी दोष कसा द्यायचा?

दोन वर्षांनी मी पुन्हा त्या गावी गेलो. चिरेखाण माशाच्या शेपटीपासून कल्ल्यापर्यंत आली होती. डोकं तेवढं उरलं होतं. आजोबा शेजारी उभे होते. म्हणाले, "तुमच्या वहीत आहे ना तो?"

"आहे. 3 मीटर 40 सेंटिमीटर."

त्यांनी मान हलवली आणि गुरं वळवायला गेले.

आता मी कुठल्याही गावात गेलो की चित्रं विचारत नाही. पांडवांचं काही आहे का, एवढंच विचारतो.