बोलक्या बाहुलीचे कान

लहान मुलगी चिंधीच्या बाहुलीशी बोलत बसलेली तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. आई रागावली, दादानं मारलं, काळोखाची भीती वाटते, असे सगळे ती बाहुलीच्या कानात सांगते. जे मोठ्यांना सांगायचे नाही ते बाहुलीला सांगता येते, कारण बाहुली चहाडी करीत नाही. चिंधीची बाहुली असो की सावंतवाडीचे लाकडी चित्र, मुलांचा हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या खरा ठरत आला. अलीकडे मात्र त्याला तडा गेला आहे. तो कसा गेला, ते आज पाहू.

बाहुलीला फोनोग्राफची वाचा फुटली ती अमेरिकेत. १८९० साली थॉमस एडिसन यांच्या कारखान्याने पोटात लहानसा फोनोग्राफ बसवलेली बाहुली विकायला काढली. पाठीवरचा दांडा फिरवला की ती बालगीत म्हणे. परंतु यंत्र नाजूक, आवाज किरटा. काही आठवड्यांतच विक्री थांबली. पुढे १९६० च्या सुमारास मॅटेल कंपनीची चॅटी कॅथी आली. तिची दोरी ओढली की ठरलेल्या वाक्यांपैकी एखादे ती बोलून दाखवी. या बाहुल्यांना तोंड होते, पण कान नव्हते.

१९९८ साली फर्बी नावाचे केसाळ खेळणे बाजारात आले. ते ऐकलेले बोलणे साठवून ठेवील, या धास्तीने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आपल्या कचेरीत त्याला मज्जाव केला. १९९९ च्या जानेवारीत ही बातमी फुटली आणि लोक हसले. फर्बीला खरोखर बोलणे साठवता येतच नव्हते. पण शंका अगदीच वेडगळ नव्हती. ती थोडी लवकर आली, इतकेच.

कारण पुढे खेळणी इंटरनेटला जोडली गेली आणि त्यांना खरेच कान फुटले. ‘माय फ्रेंड केयला’ ही बाहुली घ्या. तिच्या अंगात मायक्रोफोन होता. मुलाने प्रश्न विचारला की तो ब्लूटूथने घरातल्या मोबाइलवर जाई, तेथून इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे, आणि उत्तर त्याच वाटेने बाहुलीच्या तोंडी येई. मुलाला वाटे, बाहुलीच बोलते! शिवाय तिच्या ब्लूटूथला कुलूपच नव्हते. जवळपास उभ्या असलेल्या परक्या माणसालाही आपला फोन तिला जोडता येई आणि तिच्या कानांनी घरातले ऐकता येई. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये हे उघडकीस आणले. फेब्रुवारी २०१७ मध्ये जर्मनीच्या दूरसंचार नियामक संस्थेने या बाहुलीवर बंदी घातली. खेळण्यांचा कायदा तिने लावला नाही. नेहमीच्या वस्तूच्या वेषात लपवलेल्या हेरगिरीच्या यंत्रांचा लावला. पालकांनी बाहुली निकामी करावी, असेही तिने सांगितले.

हे एकच उदाहरण नव्हे. नोव्हेंबर २०१५ मध्ये हाँगकाँगच्या व्हीटेक कंपनीच्या संगणकांत चोर शिरला आणि ६० लाखांहून अधिक मुलांची माहिती, म्हणजे नावे, जन्मतारखा वगैरे, त्याच्या हाती लागली. मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, असा अमेरिकेत १९९८ चा कायदा होता. त्याखाली या कंपनीला २०१८ साली साडेसहा लाख डॉलर दंड झाला. आता पाहा, फोनचा पासवर्ड चोरीला गेला तर नवा घेता येतो. जन्मतारीख नवी कुठून आणणार?

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. अंमल टप्प्याटप्प्याने ठरला आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायला पालकांची खात्रीलायक संमती हवी, मुलांवर पाळत ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे तो सांगतो. मोडणाऱ्याला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

हा सारा डोलारा पालकांच्या संमतीवर उभा आहे. आणि आपल्या घरात काय होते? फोन पोरालाच जास्त कळतो. आजोबा म्हणतात, “दाब रे तूच ते बटण.” मूलच स्वतःसाठी संमती देऊन मोकळे होते! अशा संमतीने कायद्याचा हेतू कसा साधणार?

म्हणून बोलके खेळणे घेताना दुकानदाराला सरळ विचारा : हे ऐकते का? ऐकलेले कुठे जाते? फोनला न जोडता याच्याशी खेळता येते का? मुलाचे पूर्ण नाव, शाळा आणि जन्मतारीख भरू नका. खेळ संपला की खेळणे बंद करून ठेवा. शिक्षक बंधुभगिनींनी पुढच्या पालकसभेत हा विषय काढावा, अशी माझी विनंती आहे. संमतीचे ते बटण वडीलधाऱ्यांनी वाचून दाबायचे आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवणारा माणूस गावात बहुधा शिक्षकच असतो.